करवंदपाडा धरून

— नाही हो, घाई कसली, बसा त्या स्टुलावर. उभ्या उभ्या अर्ज सांगितला की एखादा रकाना राहतो, आणि मग तहसीलवाले तुम्हाला परत पाठवतात, आणि सूर्यमाळहून जव्हारला दोनदा खेपा घालायच्या म्हणजे — हां, त्याचा एक पाय हलतो, भिंतीला टेकवा. तर नाव झालं. ढवळू जिव्या. कार्ड द्या इकडे. पिवळंच ना? हं. नाव कमी करायचंय म्हणालात. कुणाचं? …कमू. बायको. बरं. दोन नंबरलाच आहे इथे — कमू ढवळू, जन्मतारीख एक जून. तुमचीही एक जून. ही तीन नंबरला पोरगी काळी, तिची मात्र चौदा ऑगस्ट शहाण्णव, म्हणजे ती दवाखान्यात झाली असणार, तिची खरी आहे. बाकी आमच्या मास्तर लोकांनी अख्ख्या तालुक्याला एक जून वाटलाय बघा. माझे वडीलच मास्तर होते, जामसरला. आई सांगायची, नागली कापायला आली होती तेव्हा झाला पोरगा, आणि वडील मान डोलावून लिहायचे, एक जून. हसू नका, माझीही एक जूनच आहे. मुक्काम सूर्यमाळ, पाडा करवंदपाडा, तालुका मोखाडा…

काय? नाही, तुम्ही सांगितलं नाहीत, खरं आहे. कार्डावर बघून — कार्डावर तर खालचा पाडाच आहे अजून. मग ऐकलं असेल मी कुठेतरी. इथे बसलं की सगळ्या पाड्यांची नावं कानावरून जातात, डोक्यात राहतात. असो. कारणाचा रकाना — तो आपण शेवटी भरू. दाखला आणलाय? ग्रामपंचायतीचा? दाखवा. मे महिना, दोन हजार सहा. दोन उन्हाळे होतील आता. मग इतके दिवस — हां, रेशनवाला मागे लागलाय. नाही, तुम्ही बरोबर केलंत, कशाला उगाच घाई करायची खोडायची. मीही राहू दिलं असतं. कार्डावर नाव असलं म्हणून कुणाचं काय बिघडतं.

तो होय? कॉम्प्युटरच आहे तो. मी हाताने लिहितोय म्हणून विचारता ना? सगळेच विचारतात. बाहेर पाटीवर कॉम्प्युटर आणि आत रोहिदास सर कार्बन घालून पेन दाबतायत. आता तर लाइटच नाही, चारशिवाय येत नाही. पण लाइट असली तरी मी तो लावत नाही. बिघडलेला नाही, चांगला आहे. ती खोळ आमच्या बायकोने शिवली, मीच सांगितलं, डोळ्यांसमोर नको म्हटलं. दोन वर्षं झाली असतील. हो, दाखल्यावर आहे तेवढीच. ते सोडा. तुम्हाला कशाला डोक्याला ताप.

तसं काय करायचो म्हणजे — प्रोग्राम करायचो. आधी ठाण्याला होतो कंपनीत, सहा वर्षं. वडिलांचा डावा हात-पाय गेला तेव्हा इकडे आलो आणि हा क्लास टाकला, पण क्लासपेक्षा मला प्रोग्राम लिहिण्यात गोडी. आता तुम्हाला कसं सांगू — आपण जे लिहितो ना, ते मशीनला तसंच्या तसं चालत नाही. सगळे कागद गोळा करायचे, याद्या वाचायच्या, एकमेकांत जोडायचे, तेव्हा त्याची एक चालणारी वस्तू होते. आम्ही त्याला बिल्ड म्हणतो. आणि ते बिल्ड करून देणारा आणखी एक प्रोग्राम असतो. त्याची रीत अशी की हाक मारली की उठणार, सगळं पहिल्यापासून वाचणार, काम करणार आणि पुन्हा झोपणार. ह्या जुन्या मशीनवर त्याला उठून कामाला लागायला सात मिनिटं जायची. एक अक्षर बदललं तरी सात मिनिटं. आणि त्यात लाइट गेली की संपलंच, पुन्हा पहिल्यापासून. दिवसाला आठ-आठ तास लाइट नसायची तेव्हा.

मग मी काय केलं — तुमच्या घरी विस्तव राखून ठेवतात ना? चूल विझू द्यायची नाही, निखारा राखेखाली पुरून ठेवायचा, म्हणजे सकाळी काडी ओढायला नको, नुसतं फुंकलं की झालं. तेच केलं मी. त्या बिल्डवाल्या प्रोग्रामला झोपूच द्यायचा नाही. मशीनच्या आत मागे बसवून ठेवायचा, कायम जागा, एकदा वाचलेलं सगळं डोक्यात धरून. मी म्हणायचं, हे कर, आणि नऊ सेकंदांत तो करून देणार. सर्व्हर म्हणतात त्याला, पण नावाचं काय. सात मिनिटांचं काम नऊ सेकंदांत. ठाण्यात मोठ्या मशिनींवर असलं करत होते तेव्हा कोणी कोणी. मी जव्हारच्या बाजारपेठेत, पत्र्याच्या गाळ्यात केलं. लाइट जाते तर ट्रकच्या दोन बॅटऱ्या लावल्या खाली, ते डाग दिसतात ना फरशीवर, ते त्यांच्याच पाण्याचे. दहा दिवस चालला, न विझता. वीस दिवस. क्लासची पोरं येऊन बघायची, सर आज कितवा दिवस. आणि मी भिंतीवर खडूने लिहायचो. पुसला मी तो आकडा, पण ओला हात फिरवला तरी अजून दिसतो.

पाणी प्या. माठात आहे. — नको? बरं.

कशासाठी म्हणजे, काम होतं ना हातात. एक संस्था होती, मोखाड्याला ऑफिस, उन्हाळ्यात पाड्यापाड्यांना टँकर पाठवायची. नाव नको घ्यायला, माणसं वाईट नव्हती. त्यांना मी प्रोग्राम करून दिला — बटण दाबलं की आठवड्याचा कागद छापून येणार, कोणत्या वारी कोणती गाडी, कोणत्या पाड्याला किती फेऱ्या. ड्रायव्हर तो कागद घेऊन निघणार, पाड्यावर सही घेणार. कागदावर नाव नाही तिथे गाडी थांबत नाही, अजिबात नाही. आधी काय व्हायचं, ऑफिसात बसून कोणीही यादीत आपल्या सोयऱ्याचा पाडा घालायचा आणि दुसऱ्याचा उडवायचा. म्हणून मीच डोकं लढवलं की यादी बाहेर ठेवायचीच नाही, प्रोग्रामच्या पोटात बांधून टाकायची. बदल करायचा असेल तर माझ्याकडे यायचं, मी इथे नवं बिल्ड करणार, फ्लॉपीवर घालून एसटीच्या कंडक्टरबरोबर मोखाड्याला पाठवणार. फ्लॉपी म्हणजे हा असा चौकोनी तुकडा, ह्या डब्यात आहेत बघा. साहेबांनी पाठ थोपटली माझी. कोणाला हात घालता येणार नाही असं केलंत, म्हणाले.

आणि मग त्या वर्षी एक पाडा नवीन आला. म्हणजे माणसं जुनीच. आदल्या पावसाळ्यात डोंगराला भेग पडली आणि खालच्या पाड्यातली आठ घरं उठून वर माळावर गेली, करवंदीच्या जाळ्या आहेत तिथे. जागा चांगली, वारा चांगला, पण टँकर रिकामा होतो ती विहीर राहिली खाली, आणि वरून जवळ म्हणजे दरीतला झरा, तोही मे महिन्यात वाटीने भरायचा. तुम्हाला काय सांगतोय मी. तुमचीच आठ घरं. हो. करवंदपाडा. अर्ज केलात तुम्ही लोकांनी, संस्थेची बाई येऊन बघून गेली, आणि यादीत नाव घालायचं ठरलं. दर गुरुवारी एक गाडी. निरोपही दिला तुम्हाला, की ह्या गुरुवारपासून गाडी येणार. बरोबर ना?

यादीत नाव घातलं ममताने. पोशेऱ्याची पोरगी, बारावी झालेली, माझ्याच क्लासला शिकलेली. मीच चिकटवली होती तिला त्या ऑफिसात. त्याआधी यादीतले बदल मी इथे बसून करायचो, पण त्या वेळी तिने हौसेने तिथल्या मशीनवर सगळी यादी नीट टाईप केली आणि फ्लॉपी पाठवून दिली. सर, चुका बघा म्हणाली फोनवर. मी उघडून बघितली. एक चूक नव्हती. सत्तेचाळीस नंबरला करवंदपाडा. सुंदर काम.

आता हे नीट ऐका, कारण हे मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या मोखाड्याच्या मशीनचं घड्याळ मेलेलं होतं. आतमध्ये एक बारीक सेल असतो, तो गेला की प्रत्येक वेळी लाइट जाऊन आली की मशीनला कळत नाही आज काय तारीख आहे, मग ते आपलं धरून चालतं एक जानेवारी, कधीचं तरी साल. मास्तरांच्या एक जूनसारखंच झालं हे. खरी माहीत नाही, मग ही लिहा. तर ममताची यादी एप्रिलमध्ये टाईप झालेली, पण तिच्यावर तारीख पडली एक जानेवारी, आठ वर्षांपूर्वीची. आणि इथे माझा हा जागा बसलेला शहाणा — त्याच्या डोक्यात जुनी यादी, तिच्यावर मार्चची तारीख. मी म्हटलं, नवी यादी आली आहे, बिल्ड कर. त्याने तारीख बघितली. म्हणाला ही तर म्हातारी आहे, माझ्याकडे हिच्याहून ताजी आहे. आणि त्याने ती वाचलीच नाही. डोक्यातलीच वापरली. नऊ सेकंदांत मला सांगितलं, झालं.

झोपेतून उठवून करायला लावलं असतं तर पहिल्यापासून सगळं वाचलं असतं त्याने, तारीख-बिरीख न बघता. सात मिनिटं लागली असती.

मी कागद छापून बघितला नाही. दहाला लाइट जाणार होती, दहाचीच एसटी होती, आणि झालं म्हणाला ना तो. मी फ्लॉपीवर लेबल लावलं, माझ्या हाताने लिहिलं — टँकर यादी, करवंदपाडा धरून. खाली सही केली. मला सही करायची सवय.

पहिला गुरुवार. तुम्ही लोक रस्त्यावर येऊन बसला असाल हंडे घेऊन. …सकाळी सातपासून. हं. आणि गाडी आली, आणि तुमच्या डोळ्यांदेखत पुढे गेली. ड्रायव्हर काय म्हणाला, कागदावर नाही. तुम्ही म्हणालात पुढच्या आठवड्यापासून असेल. तुमचं हेच आहे ढवळूभाऊ, तुम्ही लोक रागावत का नाही. दगड का नाही मारलात गाडीवर.

शुक्रवारी ममताचा फोन आला मला. म्हणाली, सर, करवंदपाडा कागदावर येत नाहीये. मी म्हटलं, शक्यच नाही, मी घातलाय. म्हणाली, सर, येत नाहीये. मी म्हटलं, तू जुनी फ्लॉपी घातली असशील. म्हणाली, नाही सर, तुमच्या अक्षरातलं लेबल आहे, करवंदपाडा धरून. मी म्हटलं, पुन्हा घाल.

पुन्हा घाल म्हटलं मी. आणि फोन ठेवला, आणि ह्याच खुर्चीत बसून राहिलो. कारण मला शंका आली होती. खोटं कशाला बोलू — आली होती. पाल चुकचुकली मनात की हा मागे बसलेला जुनंच धरून बसला असेल. तपासायचं म्हणजे काय, त्याला बंद करायचा आणि पुन्हा सुरू करायचा. सात मिनिटं. चहाला उठलो असतो तर तेवढ्यात झालं असतं. नाही केलं.

का नाही केलं विचारता? नाही, तुम्ही नाही विचारलंत, मीच म्हणतो. भिंतीवर त्या दिवशी चव्वेचाळीस आकडा होता. चव्वेचाळीस दिवस न विझता. मी ठाण्याच्या माझ्या जुन्या साहेबांना पत्र टाकलं होतं, की सर, आमच्याकडे आठ तास लाइट नसते आणि तरी मी बिल्ड सर्व्हर तीस दिवस जागा ठेवलाय, पन्नास पूर्ण झाले की तुम्हाला सगळं लिहून पाठवतो. त्यांचं उत्तर आलं, वा रोहिदास, पाठव, इथे सगळ्यांना दाखवतो. मला वाटलं बोलावतील परत. मोठ्या मशिनींवर बसवतील. मला पन्नास पाहिजे होते, ढवळूभाऊ. सहा दिवस उरले होते. मला वाटलं, पाण्याचं काय, इतकी वर्षं झऱ्यावर भागलंच ना, आठवडाभराने काय होतंय. असं वाटलं मला. शब्द हेच होते.

तुम्ही काही बोलू नका. मला सांगून होऊ दे.

दुसरा गुरुवार. हे मला नंतर कळलं, तुमच्याच पाड्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने सांगितलं, फागी नाव तिचं. ती म्हणाली, एरवी कमू पहाटे जायची झऱ्याला, तांबडं फुटायच्या आधी, थंडाव्यात, दगड सुकलेले असायचे, आणि उन्हं यायच्या आत वर. रोज. त्या दिवशी गेली नाही. कारण गाडी येणार होती. निरोप होता ना. घरातलं होतं नव्हतं ते पाणी वापरून टाकलं, हंडे रिकामे करून रस्त्यावर आणून ठेवले. बारापर्यंत वाट बघितली. गाडी पुढे गेली. मग ती भर उन्हात उपाशी उतरली दरीत. आणि पहाटेपासून सगळ्या खालच्या बायका भरून गेलेल्या, सांडलेल्या पाण्याने दगड ओले, आणि ती दोन हंडे डोक्यावर घेऊन —

गाडी येणार नाही असं कोणी सांगितलं असतं तर ती पहाटेच गेली असती. एवढंच सांगायचंय मला. झरा नाही, दगड नाही. मी खोटा पाडलेला निरोप.

शुक्रवारी ममताचा फोन. एवढंच म्हणाली, सर, त्या पाड्यातली एक बाई गेली. मी बंद केला तो. एक्कावन्न होते भिंतीवर. बघा, पन्नास झाले होते माझे. आदल्याच दिवशी. पुन्हा सुरू केला आणि बसून राहिलो, सात मिनिटं, घड्याळात बघत. सात मिनिटांनी कागद काढला. सत्तेचाळीस नंबर, करवंदपाडा, गुरुवार, एक फेरी. आला. काही न करता आला. मी नवी फ्लॉपी भरली, आणि लेबल लावलं, टँकर यादी, करवंदपाडा धरून. तेच लिहिलं. दुसरं काय लिहिणार? पहिली खोटी होती असं लिहिणार?

आणि तिथेच थांबलो असतो तरी माणूस म्हणवून घेता आलं असतं. सोमवारी संस्थेचे साहेब इथे आले. तुम्ही बसलाय तिथेच बसले. म्हणाले, रोहिदास, हे कसं झालं. आणि माझ्या तोंडून निघालं — ऑपरेटरने जुनी फ्लॉपी घातली असणार, सर. किती सहज निघालं. साहेबांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, नव्या फ्लॉपीत बघा ना, नाव आहे. आठवड्याभरात ममताला काढलं त्यांनी. ती आली होती इथे. आत नाही आली, त्या उंबऱ्याशी उभी राहिली चपला न काढता, आणि म्हणाली, सर, मी तीच फ्लॉपी घातली होती. रडली नाही, ओरडली नाही. मी काहीतरी शोधायचं नाटक केलं खणात. मान वर केली तेव्हा गेली होती. ठाण्याला कुठे पॅकिंगच्या कामाला आहे म्हणतात. कॉम्प्युटरला हात लावते की नाही कोण जाणे. नीट टाईप करायची हो. एक चूक नसायची.

तेव्हापासून खोळ. संस्थेच्या साहेबांना कळवलं, मला जमणार नाही आता. ठाण्याचं पत्र आलं होतं, फाडलं. मला वाटलं, हात आखडून घेतला की निदान पुढे तरी काही पाप होणार नाही.

मी आलो होतो तुमच्याकडे. तुम्हाला आठवत नसेल. दिवसकार्याच्या दिवशी. आदल्या गुरुवारी गाडी आली होती बघा, पहिल्यांदा, पिंपं भरून ठेवलेली तुम्ही मांडवाच्या कडेला. मी सांगायला आलो होतो. रस्त्यावरच उभा राहिलो, मांडवात आलोच नाही. तुम्हाला वाटलं कोणी वाटसरू आहे. तुम्ही पिंपातून तांब्या भरलात आणि आणून दिलात मला. गाडीचं पाणी आहे, गार नाही, म्हणालात. मी प्यायलो ते. पूर्ण तांब्या प्यायलो, आणि फागीशी दोन शब्द बोललो, आणि आलो तसा परत गेलो. तुम्ही मघाशी दारात उभे राहिलात तेव्हाच ओळखलं मी. नाव-गाव विचारलं ते उगाच.

शिव्या द्या. …निदान एवढं तरी सांगा, गाडी येते ना आता? गुरुवारची? ती यादी तरी मी शेवटी बरोबर करून —

काय?

यंदा नाही? म्हणजे मागच्या वर्षी यायची, आणि यंदा — किती गुरुवार झाले? तीन. आणि ड्रायव्हर काय म्हणतो? …कागदावर नाही. थांबा. थांबा जरा. ऑफिसात कोणी नवीन आहे का? नवीन माणूस, आणि मशीनही नवीन आलंय. म्हणजे त्याने प्रोग्राम पुन्हा घातला असणार. ऑफिसच्या खणातून फ्लॉपी काढून. खणात माझ्या दोन फ्लॉप्या आहेत ढवळूभाऊ. दोन्हींवर माझं अक्षर, दोन्हींवर करवंदपाडा धरून, दोन्हींवर सही. त्यातली पहिली मी परत मागवलीच नाही. कशी मागवणार, मागवली असती तर कळलं असतं ना ममता खरं बोलत होती ते. त्याने बिचाऱ्याने हाताला आली ती घातली. आणि मी इथे दोन वर्षं खोळ घालून बसलोय, प्रायश्चित्त म्हणून.

मग पाण्याला — झऱ्यावर? कोण जातं? तुम्ही तर दिवसभर —

काळी.

चौदा ऑगस्ट शहाण्णव. अकरा पूर्ण. बारावं चालू आहे.

…लाइट आली. पंखा फिरला बघा. आज लवकर आली. तुमचा अर्ज राहू द्या इथे, कारणाचा रकाना मी भरतो, रेशनवाल्याला म्हणावं, चार दिवस थांब. नाव आणखी चार दिवस राहिलं तर राहू दे. सरका जरा, ती खोळ काढू दे मला. सुरू व्हायला वेळ लागेल, सगळं पहिल्यापासून वाचेल, वाचू दे. कागद मी छापून बघेन, आणि उद्या स्वतः घेऊन जाईन मोखाड्याला, कंडक्टरकडे देणार नाही, आणि ती पहिली फ्लॉपी तिथेच साहेबांच्या टेबलावर ठेवून ममताचं नाव घेऊन सांगेन. हे सगळं करतो मी. पण तुम्ही एक करा. घरी गेलात की काळीला सांगा, ह्या गुरुवारी गाडी —

नाही. हे सांगू नका तिला. गाडीचं नावच काढू नका. रोज पहाटे जाते तशी जाऊ दे, थंडाव्यात, तुम्ही बरोबर जा, हंडा एकच द्या. गाडी रस्त्यावर उभी राहिली, पाणी पिंपात पडलेलं दिसलं, तरच. मी सांगितलं म्हणून वाट बघू नका.

जा आता. तुमच्याकडची, खोडाळ्याची एसटी लागली असेल. जा म्हणतो ना.